अकरानंतर फेस येत नाय

“काका, अकरानंतर फेस येत नाय,” सुवर्णा फोनवर म्हणाली.

गाड्या धुण्याच्या मशीनशी ज्याचा रोजचा संबंध आहे, त्यालाच या वाक्यातली गंमत कळेल. फेस येत नाही ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे की फोन उचलतानाच पाना हातात घ्यायची सवय लागली आहे. फेस पातळ येतो, येतो पण लगेच बसतो, एकाच बाजूने येतो, हे सगळं ऐकून झालं होतं. पण घड्याळ बघून निघून जाणारा फेस मला तोवर भेटला नव्हता.

दहिवलीत माझं पंपदुरुस्तीचं दुकान आहे. त्याआधी रसायनीच्या एका कारखान्यात बावीस वर्षं पंपघरात काढली. दुकान टाकलं तेव्हा शेतीचे पंप यायचे. मग कर्जतच्या बाजूला फार्महाऊस वाढली, जुन्या हायवेवर वॉशिंग सेंटरं उभी राहिली, आणि माझ्या ओट्यावर भाताच्या शेतातल्या पंपांच्या जागी पिवळी, निळी, लाल प्रेशर मशीनं दिसायला लागली. मी ती विकायलाही लागलो. मशीन विकणारा आणि दुरुस्त करणारा एकच माणूस असला की गिऱ्हाईक त्याला डॉक्टरसारखं मानतं. डॉक्टरला आपलं चुकलं असं सहसा वाटत नाही. मलाही वाटत नसे.

ज्यांनी हे मशीन पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मशीन पाण्याला जोराने ढकलतं. त्या पाण्याच्या तोंडाला फेसाची बंदूक लावतात, तिच्याखाली साबणाची बाटली असते. पाणी सुईच्या अग्राएवढ्या भोकातून सुसाट सुटतं आणि जाता जाता बाटलीतला साबण आणि बाहेरची हवा ओढून घेतं. हे तिन्ही पुढच्या तारेच्या जाळीवर आदळतं आणि दाट फेस होऊन बाहेर पडतं. तो गाडीवर दोन-चार मिनिटं चिकटून राहिला पाहिजे, म्हणजे धूळ सुटते आणि रंगावर ओरखडा न पडता वाहून जाते. पातळ फेस लगेच घसरतो, मग लोक फडक्याने घासतात आणि गाडीचा रंग जातो. सगळा खेळ चिकटण्याचा आहे.

फेस गेला की पाहायच्या जागा ठरलेल्या. जाळी तुंबली का, भोकात कचरा आहे का, बाटलीतली नळी चिरली का, पाणी मशीनपर्यंत पुरेसं येतं का. कर्जत गावातले एक निवृत्त मुख्याध्यापक दर रविवारी आपली छोटी गाडी धुवायचे आणि फेसाची जाडी फूटपट्टीने मोजून वहीत लिहायचे. एका रविवारी जाडी निम्म्यावर आली म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी मशीन पूर्ण उघडून पुन्हा जोडलं. फरक नाही. शेवटी पाइपचा माग काढत गेलो तर त्यांच्या पत्नीने स्वयंपाकघराच्या खिडकीखाली तुळशीची नवी कुंडी ठेवली होती, बरोबर पाइपवर. गुरुजींनी वहीत शेरा लिहिला, ‘कारण : गृहखाते.’

अशी कारणं सापडली की मजा येते. सुवर्णाचं कारण सापडायला मला दोन महिने लागले, आणि खरं सांगायचं तर मला ते सापडलंच नाही.

सुवर्णा लोधिवलीच्या अलीकडच्या एका वस्तीतली. वय पस्तिशीच्या आसपास. नवरा एका बसच्या कंत्राटदाराकडे ड्रायव्हर, रसायनीच्या कारखान्यांत कामगारांची ने-आण करायचा. घराची थोडी भातशेती आणि हायवेला लागून एक मोकळा तुकडा. त्या तुकड्यावर वॉशिंग सेंटर काढायचं तिच्या मनात आलं. सासरे बाळारामदादा म्हणाले, “बाईमाणसानं गाड्या धुवायच्या? त्यापेक्षा जागा गोदामाला देतो.” सासूबाई जनाबाई म्हणाल्या, “धुण्याचं काम बायाच करतात की जन्मभर.” त्यावर दादांनी दसऱ्यापर्यंतची मुदत दिली. दसऱ्यापर्यंत जम बसला तर ठीक, नाहीतर जागा गोदामाला.

मशीन तिने माझ्याकडून घेतलं. पाण्याची सोयही भरपूर होती. दादांनी आपल्या हिमतीवर बोअर मारली होती. दोन जागा कोरड्या गेल्यावर तिसऱ्या जागी पाणी लागलं, त्या दिवशी त्यांनी गावाला पेढे वाटले होते. माझ्या पहिल्या भेटीतही त्यांनी मला आधी बोअर दाखवली आणि मग चहा विचारला.

पहिल्यांदा तक्रार आली तेव्हा मी दुपारी दोनला गेलो. फेस खरंच ताकासारखा होता. दारावर पडायचा आणि ओघळून चाकाशी जमा व्हायचा. मी जाळी काढली. तिच्यावर पांढऱ्या कपच्या धरल्या होत्या. साबण सुकला असेल म्हणून मी त्या ठोकून झटकल्या. फेस थोडा बरा आला.

“बघ, जाळी रोज धूत जा,” मी सांगितलं.

चार दिवसांनी पुन्हा फोन. “काका, जाळी रोज धुते. सकाळी फेस झकास येतो. अकरा वाजले का नुसतं पाणी.”

पावसाने उघडीप दिली होती, ऊन कडक होतं. मी विचार केला आणि मला उत्तर सापडलं. ऊन. उन्हाने मशीन तापतं, बाटलीतला साबण तापून पातळ होतो. इतक्या ठामपणे मी ते सांगितलं की माझाच त्यावर विश्वास बसला. तिने बांबू रोवून ताडपत्रीची सावली केली. अकरानंतर फेस गेला तो गेलाच.

मग मी साबण बदलायला लावला. ती पनवेलला जाऊन महागाचा शांपू घेऊन आली. थोडा फरक पडला, पण फेस टिकेना. मग मी बंदुकीतलं भोक बदलून बारीक भोक बसवलं. सकाळचा फेस लोण्यासारखा झाला, अकरानंतरचा मात्र ताकच राहिला. प्रत्येक खेपेला मी नवं कारण सांगायचो आणि प्रत्येक खेपेला तिला काहीतरी करावं लागायचं.

चौथ्या खेपेला बाळारामदादा खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी विचारलं, “सदूभाऊ, मशीन खराब दिलंत का?”

मशीन चांगलं होतं हे मला ठाऊक होतं. त्या प्रश्नाने मी दुखावलो. आणि दुखावलेल्या माणसाच्या तोंडून जे निघतं ते निघालं. “मशीनला काही झालेलं नाही. सकाळी नवा साबण असतो, दुपारी ही त्यातच पाणी वाढवत असेल. मोजून घालत नसेल.”

सुवर्णा गाडी पुसत होती. तिचा हात थांबला. ती आत गेली आणि खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण घेऊन आली. माझ्या समोर बसून एक-एक झाकण मोजत साबण बाटलीत घातला, मग त्याच झाकणाने पाणी मोजलं. एवढा वेळ लागला की दादासुद्धा बघत राहिले. बाटली बंदुकीला लावून तिने घोडा दाबला. ताक.

“मोजलं,” ती म्हणाली.

मी पाने गोळा केले आणि आलो. घरी येईपर्यंत कान गरम होते. पण त्या वेळीही मी मनात म्हणत होतो, काहीतरी तीच चुकत असणार.

गणपती होऊन गेले. पाऊस अधूनमधून पडत होता, हायवेला चिखल होता, म्हणजे आमच्या धंद्याला चांगले दिवस. एके दिवशी सुवर्णाचा फोन आला आणि या खेपेला तिचा आवाज वेगळाच होता. तिच्या नवऱ्याच्या बसमालकाने, कदमशेठनी, तिच्याकडे बसगाड्या धुवायला देण्याची तयारी दाखवली होती. एक-दोन नव्हे, सगळ्या. फक्त त्यांना आधी स्वतः येऊन एक बस धुतलेली बघायची होती. नऊ वाजता येणार होते.

“काका, तुमी या. नऊला फेस चांगला असतो,” ती म्हणाली. “दसरा पंधरा दिवसांवर आलाय.”

मी साडेआठलाच पोचलो. सुवर्णाने साडी नेसून वर रबरी बूट घातले होते. अंगण झाडलेलं, पाइप गुंडाळून ठेवलेला, पाच-सात माणसं बघायला जमलेली. तिने आदल्या दिवशीचा उरलेला साबण टाकून देऊन नवा कालवला. नऊ वाजले. साडेनऊ वाजले. मधल्या वेळात आलेल्या तीन गाड्या तिने धुतल्या आणि काय फेस होता तो. काचेवर मारला तर आतला माणूस दिसेनासा व्हायचा. बघणाऱ्यांत एकाने मोबाइलवर व्हिडिओ काढला. मला वाटलं, आज जमलं.

कदमशेठ आले साडेअकराला.

पुढे त्यांची काळी गाडी, मागे चिखलाने माखलेली बस, ती सुवर्णाचा नवराच चालवत होता. शेठ उतरले, रामराम झाला, ते म्हणाले, “उशीर झाला, करा सुरू.” सुवर्णाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने बस आधी साध्या पाण्याने भिजवली, मग बंदूक लावली आणि घोडा दाबला.

बसच्या पत्र्यावरून पांढुरकं पाणी खाली ओघळलं.

तिने बंदुकीचा वरचा खटका फिरवून पाहिला. पुन्हा तेच. शेठ म्हणाले, “एवढंच असेल तर आमचा क्लीनर बादलीनं करतोच की.”

मी पुढे झालो. बंदूक काढली, जाळी काढली, पुन्हा त्याच पांढऱ्या कपच्या. त्या साफ केल्या, भोकात तार घातली, नळी फुंकून पाहिली, मशीनच्या तोंडाची चाळणी धुतली. हात सरावाचे होते म्हणून भराभर चालत होते, पण डोकं रिकामं होतं. सगळं जोडलं. तीन-चार हात लांबून मारलं. थोडा दाट आला, घसरला, गेला. बाळारामदादा खुर्चीतून कोणालाच उद्देशून न बोलल्यासारखं बोलले, “गोदामवाल्याचा सकाळीच फोन येऊन गेला.”

शेठनी घड्याळ पाहिलं.

तेवढ्यात घराच्या मागच्या दारातून जनाबाईंनी हाक मारली, “सुवर्णा, नळाचं पाणी सगळं संपवलंस का गं? पाहुण्यांना जेवायला थांबवायचंय. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाय, तुला ठावं हाय ना.”

सुवर्णा वळली. तिच्या चेहऱ्यावर जे झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. बाटली हातात तशीच धरून ती माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, “काका, सकाळी नळाला पाणी येतं, ते खालच्या टाकीत भरतो, ती टाकी आमी आधी वापरतो. ती अकराला संपते. मग बोअरचा पाइप लावते.”

“मग?” मी विचारलं.

“बोअरच्या पाण्यानं केस धुतले का साबणाला फेसच येत नाय. चिकट होतात. आमी बाया डोकं नळाच्याच पाण्यानं धुतो.” ती थांबली. “गाडीचा साबण पण साबणच ना?”

वाचकहो, इथे मला माझी खरी लाज सांगायची आहे. कारखान्यात आमच्या पंपघराला लागून बॉयलर होता. बॉयलरला जड पाणी चालत नाही, नळ्यांत पांढरा थर धरतो, म्हणून पाणी मऊ करायचा वेगळा संच तिथे होता. दर पाळीला त्या पाण्याची जडता तपासून वहीत लिहायचं काम बावीस वर्षं मी केलं. जड पाण्यात साबण फेसाळत नाही हे मला झोपेतही सांगता आलं असतं. जाळीवरच्या पांढऱ्या कपच्या साबणाच्या नव्हत्या, क्षारांच्या होत्या. मी त्या दोन महिने हाताने झटकत होतो. दर वेळी दुपारी आलो, तिची पाण्याची टाकी कोणती हे एकदाही विचारलं नाही, आणि साबण मोजत नाही म्हणून तिला बोललो.

“पाणी किती आहे नळाचं?” मी विचारलं.

“टाकी रिकामी हाय. घरात प्यायचं दोन हंडे.”

दोन हंडे म्हणजे तीस लिटरच्या आसपास. माझं मशीन मिनिटाला सात-आठ लिटर पितं. एक बाजू होईल. जेमतेम. सुवर्णा धावत आत गेली आणि एक हंडा कमरेवर घेऊन आली. मागोमाग दुसरा घेऊन जनाबाईच आल्या.

बाळारामदादा खुर्चीतून उठले. “प्यायचं पाणी गाडीवर ओतता? डोकं फिरलं का तुमचं? माझ्या बोअरला काय झालंय? एवढं पाणी हाय खाली.”

जनाबाईंनी हंडा खाली ठेवला नाही. “तुमच्या बोअरचं पाणी तुमीच प्या. आमी पंधरा वर्षं डाळीत सोडा घालतोय, ते तुमाला कधी कळलं?”

जमलेल्यांत कोणीतरी खोकलं. दादा बसले.

मी कोपऱ्यातला रिकामा ड्रम ओट्यावर चढवला, दोन्ही हंडे त्यात ओतले, बोअरचा पाइप काढून आखूड पाइप ड्रमला लावला. सुवर्णाने बाटली धुतली आणि त्यातलंच तांब्याभर पाणी घेऊन साबण नव्याने कालवला. या खेपेला तिने मोजलं नाही, तिच्या हाताला माप ठाऊक होतं. शेठनी गाडीचं दार उघडलं होतं पण आत बसले नव्हते. एक पाय आत, एक बाहेर. मशीन सुरू झालं. तिने घोडा दाबला.

पातळ.

पाइपात अजून बोअरचं पाणी होतं. मला ते ठाऊक होतं, पण ड्रमातलं पाणी उतरत होतं. एकेक सेकंद म्हणजे पाव तांब्या पाणी. मनात मोजत होतो, चार, पाच, सहा. दादा म्हणाले, “बघा.” सात, आठ. बंदूक दोनदा थुंकल्यासारखी अडखळली, हवा सुटली, आणि मग तिच्या तोंडून असा फेस निघाला की सुवर्णा स्वतःच एक पाऊल मागे सरकली. पांढरा, जाड, सुरुवातीला लोंबत, मग पंख्यासारखा पसरत. ती खालून वर मारत गेली. बसच्या चिखलावर तो बसला आणि बसूनच राहिला. खिडक्या झाकल्या गेल्या. बसवरचा नंबर झाकला गेला. तिचा नवरा ड्रायव्हरच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून बघत होता, त्याच्या कानाला फेस लागला तरी त्याने डोकं आत घेतलं नाही.

“पाणी संपतंय,” मी ओरडलो. ती पळतच मागच्या चाकापर्यंत पोचली आणि शेवटचा फटकारा मागच्या कोपऱ्यावर बसला तेव्हा ड्रम खडखडत रिकामा झाला. मी झडप घालून मशीन बंद केलं.

सगळे बसकडे बघत होते. दोन मिनिटं झाली, तीन झाली. फेस हलत नव्हता. मग त्याच्यामधून तांबूस चिखलाच्या रेषा आपोआप खाली उतरायला लागल्या, कोणी हात न लावता. शेठ गाडीचं दार तसंच उघडं टाकून बसजवळ आले. बोटाने फेस थोडा बाजूला केला. खालचा पत्रा चमकत होता.

“आणि ती बाजू?” त्यांनी विचारलं.

सुवर्णा म्हणाली, “शेठ, खोटं सांगत नाय. आज पाणी संपलं. उद्या सकाळी नळ आला का करून देते.”

शेठ हसले. “मग उद्यापासून गाड्या सकाळीच पाठवतो. पण पाण्याचं काहीतरी करा. एवढ्या बस दोन हंड्यांत नाही व्हायच्या.” आणि जाता जाता जनाबाईंना म्हणाले, “आजी, डाळ राहिली तुमची माझ्यामुळं.”

त्यांची गाडी गेल्यावर मी सुवर्णाला हाक मारली. दादा, जनाबाई, तिचा नवरा, बघायला आलेली माणसं, सगळे तिथेच होते. मुद्दाम सगळ्यांसमोर बोललो, कारण आरोपही मी तिच्या सासऱ्यांसमोर केला होता. “पोरी, तू साबण बरोबर मोजत होतीस. चूक माझी. मी पाणीच तपासलं नाही.”

ती बूट काढत होती. “मला वाटलंच होतं, काका,” ती म्हणाली, “पण तुमी मशीनचे डॉक्टर, म्हणून बोलले नाय.”

हे वाक्य मला बोलणी खाण्यापेक्षा जास्त लागलं.

पुढचं थोडक्यात. बोअरचं पाणी वाईट नव्हतंच. चिखल उडवायला ते हवं तेवढं. नळाचं पाणी फक्त फेसाला आणि शेवटच्या हाताला, म्हणजे काळ्या गाडीवर पांढरे डागही पडत नाहीत. मशीनच्या तोंडाशी मी दोन पाइपांचा जोड आणि एक कॉक बसवून दिला. तरी नळाचं पाणी कमी पडत होतं. आठ दिवसांनी गेलो तर बाळारामदादा स्वतः शिडीवर चढून शेडच्या पत्र्याला पन्हळ लावत होते. पावसाचं पाणी उतरवायला खाली नवी टाकी आणली होती. मी खालून विचारलं, दादा, हे काय? ते म्हणाले, “वरच्या पाण्यात क्षार नसतो म्हणं. बोअर चिखलाला, वरचं फेसाला.” बोअरबद्दल याहून जास्त ते कधीच बोलले नाहीत. दसरा आला आणि गेला, गोदामवाल्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

मला मात्र झोप लागेना. माझ्या गिऱ्हाइकांत बोअरचं पाणी वापरणारे आणखी किती होते? मी जुनी वही काढून बसलो आणि खालापूरच्या दत्ता भोईरच्या नावावर बोट थांबलं. दत्ताने रस्त्याकडेला वॉशिंग सेंटर काढलं होतं. पाणी बोअरचं. त्याच्याकडे कधीच फेस आला नाही, सकाळी नाही, दुपारी नाही. मी पाच-सहा खेपा घातल्या आणि शेवटी कंटाळून त्याला म्हणालो होतो, “दत्ता, तुझ्या हाताला हा धंदा नाही.” त्यानंतर वर्षभरात त्याने सेंटर बंद करून तिथेच टायर-पंक्चरचं दुकान टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहिवलीच्या नळाचे दोन कॅन भरले, एक स्कूटरच्या पायाशी, एक मागे बांधला, आणि खालापूरला गेलो.

दत्ता ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. मी त्याला सगळं सांगितलं, डाळीपासून जाळीवरच्या कपच्यांपर्यंत. त्याने ऐकताना काम थांबवलं नाही. पंक्चर सापडलं, खुणेची काडी लावली, हात पुसले.

“मशीन गोठ्यात हाय,” तो म्हणाला. “भाऊ म्हशी धुतो त्यानं.”

दोघांनी ते ओढत बाहेर आणलं. बंदूक माळ्यावर सापडली, तिची जाळी दगडासारखी झालेली. मी सोबत आणलेली नवी बसवली. आधी त्याला एक साधी गोष्ट दाखवली, जी आता मी प्रत्येक गिऱ्हाइकाकडे पाना काढण्याआधी करतो. दोन बाटल्या घ्यायच्या, एकीत बोअरचं पाणी, एकीत नळाचं, दोन्हींत साबणाचे चार थेंब, आणि जोरात हलवायचं. त्याच्या बाटलीत पाणी गढूळ झालं आणि वर चार बुडबुडे आले. माझी बाटली गळ्यापर्यंत फेसाने भरली. दत्ताने दोन्ही बाटल्या उजेडात धरून बराच वेळ पाहिल्या.

“कशावर मारायचं?” मी विचारलं, कारण तिथे एकही गाडी नव्हती.

त्याने माझ्या स्कूटरकडे बोट दाखवलं.

मशीन सुरू झालं, आणि दत्ताने पहिल्यांदा स्वतःच्या बंदुकीतून आलेला फेस पाहिला. त्याची बायको चुलीपासून उठून दारात आली. शेजारचा चहावाला आला. दत्ता स्कूटरभोवती गोल फिरत राहिला. आधी चाकं, मग बुड, मग वरचा भाग, जसं करायला हवं तसं. फेस बसू दिला. टायरला हवा भरायच्या नळीने फटींतली माती उडवली. आरशामागे, नंबरप्लेटच्या खाली, पाय ठेवायच्या जागेच्या रबराखाली, जिथे मी स्वतः पंधरा वर्षांत कधी फडकं घातलं नव्हतं, तिथे त्याने बोटाला फडकं गुंडाळून घातलं. दुसऱ्या कॅनचं पाणी शेवटच्या हाताला पुरवून वापरलं. मध्ये एक ट्रकवाला हवा भरायला आला, त्याला म्हणाला, “थांबा जरा, काम चाललंय.”

तासाभराने त्याने फडकं पिळलं आणि बाजूला झाला.

“बघा काका,” तो म्हणाला. “कुठं राहिलंय का?”

मी स्कूटरभोवती दोनदा फिरलो. वाकून बुडाखालीही पाहिलं. कुठेच काही राहिलं नव्हतं.